सर्व्हर पडला, मोबाईल गप्प

पावसाळा लागला की गोव्यातल्या सिस्टीम अ‍ॅडमिनांची झोप उडते. फोंड्याला वीज जाते, डिचोलीत झाड पडून फायबर तुटते, पेडण्याची नेटवर्कची लिंक जाते, येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक वेळी मोबाईल वाजतो. तरीही पुष्कळ ऑफिसांत एक समजूत घट्ट बसलेली दिसते: जितके जास्त अलर्ट, तितकं नेटवर्क सुरक्षित. ती साफ चुकीची आहे. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत शंभरावर अलार्म वाजत होते. त्यातला नेमका कोणता ऐकायचा, हे ऑपरेटरांना कळेना.

देखरेखीचं सॉफ्टवेअर करतं ते काम तसं साधं आहे. दर काही मिनिटांनी ते प्रत्येक राउटरला आणि सर्व्हरला ‘आहेस का?’ असं विचारतं. उत्तर आलं नाही किंवा ठरलेल्या मर्यादेबाहेरचं आलं, की निरोप धाडतं.

खरी गंमत सुरू होते ती लिंक धड मेलेली नसते आणि धड जिवंतही नसते तेव्हा. अशा लिंकला ‘फ्लॅपिंग’ म्हणतात, आणि तिला ओळखण्याची नॅगिऑस या देखरेखीच्या प्रणालीची रीत मला फार आवडते. ती शेवटच्या २१ तपासण्यांचे निकाल लक्षात ठेवते. २१ निकालांमध्ये स्थिती पालटण्याच्या जागा २०. त्यातल्या किती जागी चालूची बंद किंवा बंदची चालू झाली, त्याची टक्केवारी काढायची. मात्र सगळे पालट सारखे मोजायचे नाहीत. ताज्या पालटाला वजन जास्त, जुन्याला कमी. समजा चार पालट झाले. सरळ हिशेबाने ते २० टक्के. पण ते चारही आत्ताचे असतील तर वजनामुळे आकडा २० च्या वर जातो, आणि सुरुवातीचे असतील तर खाली राहतो. दर पाच मिनिटांनी तपासणी धरली तर हा सगळा इतिहास १०० मिनिटांचा होतो. आकडा २० च्या वर गेला की ‘लिंक फडफडते आहे’ असा एकच निरोप जातो आणि पुढची वटवट बंद. ती पुन्हा सुरू होते आकडा ५ च्या खाली उतरल्यावर, १९ वर नव्हे.

चढण्याची मर्यादा वेगळी आणि उतरण्याची वेगळी, ही या रचनेची किल्ली. एकच मर्यादा ठेवली असती तर २०.१ आणि १९.९ यांच्यामध्ये खुद्द इशाराच फडफडत बसला असता. घरातला फ्रिज कॉम्प्रेसर चालू-बंद करतो तो याच तत्त्वावर. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे तत्त्व आणलं ऑटो श्मिट या अमेरिकन विद्यार्थ्याने, १९३४ साली. तो अभ्यास करत होता स्क्विडच्या मज्जातंतूंचा. म्हणजे आपण गोव्यात जिला माणकी म्हणतो आणि तळून खातो, तिचा! पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’च्या उत्तराला, उशीर होतो तेव्हाही हेच करावं: १०० मिलिसेकंदांवर इशारा द्यावा, पण ‘सुटलं’ असं म्हणावं ते ८० च्या खाली आल्यावरच.

आता उलटी अडचण: इशारा द्यायला हवा होता आणि फोन मात्र गप्प. अशा वेळी लोक एसएमएस गेटवेला किंवा मोबाईल कंपनीला शिव्या घालतात. पण झॅबिक्स या देखरेखीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नियम असा आहे की ज्या यंत्रात अडचण आली ते पाहण्याची निदान ‘रीड’ परवानगी नसेल, तर त्या माणसाला त्याबद्दलचा निरोप जातच नाही. नाव यादीत असो, नंबर बरोबर असो, उपयोग शून्य. परवानगी मिळते ती यूझर ग्रुपला, आणि तीही यंत्रांच्या ग्रुपवर. एका ग्रुपमधून ‘रीड’ आणि दुसऱ्यातून ‘डिनाय’ म्हणजे मनाई मिळाली तर ‘डिनाय’ जिंकते. सुपर अ‍ॅडमिनला मात्र सगळंच दिसतं. म्हणून साहेब आपल्या लॉगिनवर चाचणी घेतात, मेसेज येतो, सगळे खूश होतात. आणि रात्रपाळीच्या पोराला काहीच कळत नाही. त्यावर त्याला सुपर अ‍ॅडमिन करून टाकणं हा आळशीपणा झाला. त्याला हवी ती फक्त त्याच्या तालुक्यातल्या यंत्रांची ‘रीड’.

काही ठिकाणी सर्व्हर रॅकला लिंबू-मिरची टांगलेली दिसते. दसऱ्याला रॅकवर झेंडू वाहायला माझी हरकत नाही, पण विजेच्या लोळापासून स्विच (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) वाचतो तो नीट अर्थिंगने आणि सर्ज प्रोटेक्टरने. ‘आता एआय सगळं बघेल’ हीदेखील चकचकीत पाकिटातली लिंबू-मिरचीच. निरोप कुणाला जावा आणि त्यासाठी परवानगी कुणाला द्यावी, हे शेवटी कुणीतरी माणसानेच ठरवायचं असतं.

चवथीच्या सुट्टीआधी, ड्यूटीवर कोण असणार ते ठरलं की एका बिनमहत्त्वाच्या स्विचची केबल काढा आणि साहेबांचा नव्हे, त्या माणसाचा फोन बघा. मग केबल परत लावा. ‘सुटलं’ हा निरोपही त्याच फोनवर आला पाहिजे.