हवा, धूर आणि भार : जोडलेल्या अ‍ॅक्सेसरीजचा इंजिनावर होणारा परिणाम

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रींमध्ये वाहनांसाठी ओतीव भाग तयार होतात, त्यामुळे इंजिन खोलून पाहण्याचे धाडस या शहराला नवे नाही. नवी गाडी दारात येताच तिला वेगळा एअर फिल्टर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, जादा दिवे आणि रुंद टायर बसवण्याची हौसही येथे भरपूर आहे. यांतील कोणत्या बदलाने इंजिनाची ताकद खरोखर वाढते, हे मात्र आवाजावरून ठरवता येत नाही.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आत किती हवा आली हे सेन्सर मोजतात आणि त्यानुसार ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, किती पेट्रोल सोडायचे ते ठरवतो. काही गाड्यांत हे मोजमाप हवेच्या वाटेतील एका तापलेल्या बारीक तारेवरून होते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधील जास्तीचे तेल या तारेवर बसले, तर हवा प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली जाण्याची शक्यता असते. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर ही चूक बऱ्याच अंशी सावरतो. परंतु घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना अनेक गाड्यांचा संगणक या सेन्सरच्या सूचनेपेक्षा आधीच ठरवलेल्या आकड्यांवर अधिक विसंबतो, आणि नेमके तेव्हाच पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापते, नॉकिंग करू लागते, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठकठक आवाज येतो.

बंद डब्यातील मूळ फिल्टर काढून बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवला, की इंजिन स्वतःच तापवलेली हवा ओढू लागते. २५ अंशांची हवा ५५ अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि ताकदही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. शिवाय मूळ कागदी फिल्टर स्वच्छ असेल, तर रोजच्या वापरात त्याचा अडथळा नगण्य असतो. ऊसतोडीच्या हंगामात शिवारातील कच्च्या रस्त्यांवर उडणारी बारीक धूळ हलक्या प्रतीच्या फिल्टरमधून आत गेली, की पिस्टन रिंगा आणि सिलिंडर झिजतात. ही झीज परत भरून येत नाही, म्हणून फिल्टरच्या बाबतीत प्रयोग करू नयेत असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

सायलेन्सरचा पाइप जितका मोठा तितकी ताकद जास्त, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो आणि योग्य मापाच्या पाइपमध्ये त्याचा वेग सिलिंडर रिकामा करण्यास मदत करतो. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला तर हा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमवरचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या होत असतानाचा, टॉर्क (फिरवण्याचा जोर) घटू शकतो. गगनबावड्याचा चढ भरल्या गाडीने चढताना उपयोगी पडतो तो हाच टॉर्क. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या गाडीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, काढून टाकला, तर त्यामागील सेन्सरला ते कळते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागू शकतो. शिवाय असा बदल बेकायदेशीर आहे, ते वेगळेच.

जादा दिव्यांची वीज इंजिनावर फिरणाऱ्या अल्टरनेटर या जनित्रातून, म्हणजे शेवटी इंजिनातूनच येते. १०० वॉटच्या दोन हॅलोजन दिव्यांसाठी, अल्टरनेटरमधील तूट धरून, साधारण अर्धा अश्वशक्ती खर्च होते. इंजिनाला हा भार जाणवणारही नाही. खरा धोका आहे तो रिले (जास्त प्रवाह हाताळणारा विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूज न घालता बारीक वायरवरून केलेल्या जोडणीचा, कारण ती वायर तापून पेट घेऊ शकते.

टायरचा बाहेरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढवला, की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते, चाकापाशी मिळणारा जोर कमी होतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतोच. हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पुणे-बेंगळुरू महामार्गावर ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने जाताना ती जवळपास दुप्पट होते. त्यामुळे सामान उतरवल्यावर कॅरिअरही उतरवून ठेवला, तर इंधनाची बचत पुढच्याच लांबच्या प्रवासापासून सुरू होते.