बोडीचं चर्च कुजलं का नाही?

कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, नेवाडाच्या सीमेजवळ, बोडी नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव होतं. 1880 च्या सुमारास तिथं हजारो माणसं राहत होती. दारूचे गुत्ते भराभर उघडले, चर्चसाठी मात्र 1882 उजाडलं. त्या वर्षी बांधलेलं मेथडिस्ट चर्च गाव ओस पडल्यावरही उभं आहे. लाकडी फळ्यांची साधी इमारत. मग ती कुजली का नाही?

लाकूड आपोआप कुजत नाही, त्याला बुरशी खाते आणि बुरशीला पाणी लागतं. लाकडातला ओलावा त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांखाली राहिला, की तिचं काही चालत नाही. बोडी सुमारे 2,550 मीटर उंचीवर, सिएरा नेवाडाच्या पर्जन्यछायेत आहे. पॅसिफिकवरून आलेले ढग पश्चिम उतारावरच बरेचसे रिते होतात. इथं पडतं ते बहुतेक हिवाळ्यातलं बर्फ, आणि तेव्हा बुरशीच गारठलेली असते.

लाकडाचं खरं वैर उन्हाशी. उंचावरच्या विरळ हवेतून अतिनील किरण जास्त येतात आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन तोडतात. दमट प्रदेशात ते तुकडे पावसानं धुऊन जातात, वर काळपट बुरशी चढते आणि लाकूड राखाडी होतं. कोरड्या हवेत ते बरेचसे जागच्या जागी राहतात. बोडीच्या घरांचा भाजल्यासारखा तपकिरी रंग त्यातूनच आलेला. वाऱ्यासोबतची वाळू मग हा सैल थर खरवडते. वलयांमधला मऊ भाग आधी झिजतो, कडक भाग उंचवट्यासारखा उरतो. तरी हे काम फार सावकाश चालतं: सूचीपर्णी लाकूड शंभर वर्षांत ढोबळमानानं 5-6 मिलिमीटर झिजतं.

माणसं आणि आग यांना एवढा धीर नसतो. 1932 च्या आगीत गावाचा मोठा भाग गेला. चर्चमध्ये बायबलमधल्या दहा आज्ञा रंगवलेलं एक मेणकापड होतं. तेही चोरीला गेलं, 'चोरी करू नको' या आज्ञेसकट!

1962 मध्ये बोडी राज्याचं ऐतिहासिक उद्यान झालं. तेव्हापासूनचं धोरण म्हणजे पडझड थांबवायची, पण काही नवंकोरं करायचं नाही. मला हे रंगरंगोटीपेक्षा फार बरं वाटतं. दुरुस्ती होते ती मुख्यतः छपरांची, खिडक्यांची आणि पायाची. जमिनीला टेकलेल्या तुळयांमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी मुरतं, आणि या कोरड्या गावात बुरशीला पाय रोवायला तेवढी एक जागा मिळते.