अदिस अबाबाची मेनोनाइट मंडळी : बंद दारांआडची नऊ वर्षं

अदिस अबाबात मेसेरेते क्रिस्तोस चर्च या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला रविवारी सकाळी गेलं, तर आत शिरण्याआधीच आवाज कानी पडतो. एकसारख्या झग्यांतला गायनसंघ, टाळ्या, अम्हारिक गीतं आणि मधूनच बायकांचा तो उंच, थरथरता आनंदाचा स्वर, ज्याला तिथे ‘इलिल्ता’ म्हणतात. मेनोनाइट म्हटलं की अनेकांना घोडागाडीतून जाणारी साधी, अबोल अमेरिकी माणसं आठवतात. ही उपासना पाहून ते चित्र पुसलं जातं. पण या गाण्याचं मोल कळायचं तर १९८२ ते १९९१ ही नऊ वर्षं माहीत हवीत. त्या काळात या लोकांना मोकळ्या गळ्याने गाता येत नव्हतं.

पंथाची मुळं झुरिकमध्ये आहेत. २१ जानेवारी १५२५ रोजी तिथल्या काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाला श्रद्धेचा निर्णय घेता येत नाही, तो माणसाने जाणतेपणी घ्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं. पुढे मेनो सायमन्स या फ्रिसियन (उत्तर नेदरलँड्समधल्या) धर्मगुरूने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडलं आणि विखुरलेल्यांना सावरलं. पंथाचं नाव त्याच्यावरून पडलं. मेनो आपल्या पुस्तकांवर एक वचन आवर्जून छापायचा : करिंथकरांस पहिलं पत्र, ३:११. ख्रिस्तावाचून दुसरा पाया घालता येत नाही, असा त्याचा आशय. ‘मेसेरेते क्रिस्तोस’चा अर्थही तोच, ख्रिस्त हा पाया.

इथिओपियात मेनोनाइट आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, मदतकार्यासाठी. नाझरेथ (आजचं अदामा) इथे कापसाच्या एका जुन्या जिनिंगमध्ये त्यांनी रुग्णालय उभारलं. आधी मदत, मग मंडळी, ही त्यांची जुनी रीत. आपल्या शेजारच्या धमतरीतही, नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, ते दुष्काळाच्या पाठोपाठच १८९९ मध्ये आले होते. इथिओपियात मात्र चौथ्या शतकापासूनचं ऑर्थोडॉक्स चर्च होतं. तिथे मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या आणि मुलीचा ऐंशीव्या दिवशी होतो. म्हणजे झुरिकचाच वाद पुन्हा समोर आला. सम्राट हेले सेलासींच्या राजवटीत परदेशी मिशनांना ऑर्थोडॉक्स भागांत धर्मप्रसाराची मोकळीक नव्हती. १९५१ मध्ये पहिल्या दहा जणांचा बाप्तिस्मा झाला, १९५९ मध्ये चर्चने ‘मेसेरेते क्रिस्तोस’ हे नाव घेतलं.

साठच्या दशकात नाझरेथच्या विद्यार्थ्यांतून एक चळवळ उठली. मुलं इंग्रजी शिकायला म्हणून यायची आणि योहानाचं शुभवर्तमान वाचायची. त्यातून प्रार्थनेची अशी ओढ लागली की जुन्या जाणत्यांनाही ती पेलेना. आजच्या उपासनेतला जोश त्या पोरांकडून आला, असं मला ठामपणे वाटतं.

१९७४ मध्ये दर्ग या लष्करी राजवटीने सम्राटांना हटवलं. मार्क्सवादी सत्तेने जानेवारी १९८२ मध्ये चर्च बंद केलं; इमारती, बँकेतले पैसे, दवाखाने, सगळं ताब्यात घेतलं. पुढारी तुरुंगात गेले, काही जण चार वर्षांहून अधिक काळ. बाहेर उरलेले घराघरांत जमू लागले. पाच-सात जण, दार लावलेलं, आवाज खाली. कॉफीला किंवा वाढदिवसाला जमल्याचं शेजाऱ्यांना वाटावं अशी काळजी घेतली जाई. या घरगुती गटांचा भार मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी वाहिला. पुरुष पाळकांवर पाळत असताना शिकवणं, भेटी देणं, नव्या माणसाला पारखून आत घेणं ही कामं त्या करत राहिल्या. या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी त्यांचीच.

बंदी आली तेव्हा सभासद सुमारे ५,००० होते. मे १९९१ मध्ये दर्ग कोसळली आणि मंडळी उघड्यावर आली, तेव्हा ते ३४,००० च्या आसपास भरले. जुन्या इमारती हळूहळू परत मिळाल्या, पण इतकी माणसं त्यांत मावेनात. घरगुती गट मात्र कोणी मोडले नाहीत. रविवारी इतक्या मोठ्याने गाणारी माणसं आठवड्यात आजही कुणाच्या तरी घरी लहान गटाने प्रार्थनेला बसतात.