मूड आला की करीन? आधी करा, मूड मागून येतो

"आत्ता मूड नाहीये, मूड आला की करीन" हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही. पण डिप्रेशनवर गेल्या पन्नासेक वर्षांत जे संशोधन झालंय त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग नेमका याच्या उलट सांगतो: आधी कृती, मग मूड. आणि ही गोष्ट नुसती वाचून जमत नाही, सात-आठ जणांच्या छोट्या गटात बसून शिकली तर बऱ्याच जणांना जमते, म्हणून आज त्या गटांबद्दल लिहितोय.

गट म्हटलं की लोक घाबरतात, त्यांना वाटतं गोल करून बसायचं आणि सगळ्यांसमोर आपली कर्मकहाणी सांगून रडायचं. मी म्हणतोय ते गट तसले नाहीत. ते क्लाससारखे असतात, आठवड्याला साधारण दीड-दोन तास, अभ्यासक्रम ठरलेला, गृहपाठ असतो, आणि घरातलं सगळं बाहेर काढायची सक्ती कुणावर नसते.

ही कल्पना जुनी आहे, आणि सुरुवात चक्क क्षयरोगापासून झाली. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने सॅनेटोरियम न परवडणाऱ्या गरीब पेशंटांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, फक्त विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं खाणं. प्रत्येकाने ताप किती, काय खाल्लं, किती आराम केला हे वहीत लिहायचं आणि वर्गात दाखवायचं, आणि कुणाचं वजन वाढलं की बाकीच्यांना हुरूप यायचा. पुढे ओरेगन विद्यापीठात पीटर लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने डिप्रेशनसाठी तसाच कोर्स बांधला, ८ आठवड्यांत १२ सत्रं, त्यात मूडची रोजची नोंद, रिलॅक्सेशन, विचार तपासणं, लोकांशी बोलायचं कौशल्य, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बरं वाटणाऱ्या कामांचं वेळापत्रक.

आता मुख्य यंत्रणा. पन्नाशीतल्या एक बाई आहेत असं समजा. मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, हळूहळू कशातच मन लागेना. भिशीचा दिवस आला की पोटात गोळा येतो, बायका विचारणार "काय गं, किती उतरलीस", मग चार वाजता फोन करून सांगतात, "बरं नाहीये गं, आज येत नाही." फोन ठेवल्या ठेवल्या हायसं वाटतं. सगळी मेख या हायसं वाटण्यात आहे! शाळेत आपण शिकलोय की बक्षीस मिळालं की वागणूक पक्की होते, पण त्रास टळला तरीही ती तितकीच पक्की होते, आणि टाळण्याचं बक्षीस मिनिटभरात मिळतं, किंमत मात्र दोन-तीन महिन्यांनी मोजावी लागते, मैत्रिणी बोलवायच्या बंद होतात, दिवस आणखी रिकामा होतो. मेंदू जवळच्या बक्षिसावरून शिकतो, लांबच्या किमतीवरून नाही. त्यामुळे बाई आळशी नाहीत की कमकुवत मनाच्या नाहीत, त्यांचा मेंदू अगदी नियमाप्रमाणे शिकलाय, फक्त चुकीचा धडा शिकलाय. लुइन्सनचं म्हणणं असं की आपण काहीतरी केल्यावर जगाकडून जे चांगलं परत येतं ते आटलं की मूड खाली जातो, मूड गेला की आणखी कमी करतो, की येणारं आणखी आटतं.

हे चक्र तोडायला गटात एक साधा तक्ता देतात. एक रकाना काय करणार, दुसरा त्यातून किती बरं वाटेल याचा आधीचा अंदाज शून्य ते दहा, तिसरा केल्यावर खरंच किती वाटलं. बाई कोरा तक्ता घेऊन येतात. सत्र घेणारी ताई रागवत नाही, विचारते, "फोन किती वाजता केलात काकू?" "चारला." "त्याच्या आधी काय चाललं होतं?" "साडी काढत होते, काय नेसू तेच कळेना." म्हणजे अडलं होतं कपाटापाशी, भिशी तर पुढची गोष्ट. मग पुढच्या आठवड्याचं काम असं ठरतं की भिशीला जायचंच नाही, अंगावर आहे त्याच कपड्यांत खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे दहा मिनिटं बसून यायचं, आणि वेळ, वार आत्ताच लिहायचा. समोरचे एक काका म्हणतात, "माझं लग्नपत्रिका आली की अस्संच होतं, मला वाटलं मी एकटाच." पुढच्या आठवड्यात तक्त्यावर असतं, अंदाज १, प्रत्यक्षात ४.

हा १ आणि ४ मधला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की डोपामिनच्या (हे मेंदूतलं एक रसायन) पेशी नुसतं बक्षीस मिळालं म्हणून उसळत नाहीत, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर जवळपास शांत राहतात आणि कमी मिळालं तर दबतात, म्हणजे मेंदू अंदाजातली चूक मोजतो आणि त्या चुकीवरून पुढचा अंदाज दुरुस्त करतो. डिप्रेशनमध्ये अंदाज कायम तळाला असतो, आणि माणूस जातच नाही, त्यामुळे अंदाज चुकीचा होता हे कळायची संधीच मिळत नाही. तक्ता ती संधी तयार करतो आणि लिहून ठेवल्यामुळे नंतर "छे, काही मजा नाही आली" असं म्हणून पुसताही येत नाही. डोपामिन आणि हा तक्ता यांचा थेट दुवा अजून तपासला जातोय, पण वागणुकीच्या पातळीवर पुरावा भक्कम आहे. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे (विचार आणि वागणूक दोन्ही बदलायला शिकवणारा उपचार) भाग सुटे करून तपासले तेव्हा नुसता कृतीचा भाग पूर्ण उपचाराइतकाच चालला.

आपल्या शेजारचाच पुरावा बघा. गोव्यात संगाथ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून हीच पद्धत वापरली, एकेकट्याला ६ ते ८ भेटी. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले, तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. गटांतला पुरावा पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यातला, तिथे ६१२ बायकांवर चाचणी झाली, पाच साप्ताहिक सत्रं, श्वसन, अडचणी सोडवणं, कामाला लागणं, माणसं जोडणं, आणि शिकवणाऱ्या स्थानिक बायकाच. त्यांची चिंता आणि उदासी तुलनेतल्या बायकांपेक्षा स्पष्ट कमी झाली. आपल्याकडे डिप्रेशन असलेल्या साधारण ८५ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असं २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, मग सगळ्यांना तज्ज्ञ कुठून पुरणार?

गट छोटाच का, तर पंचवीस जण असतील तर कुणाचाच तक्ता नीट बघून होत नाही आणि तीनच असतील तर दोन जण आले नाहीत की सत्र बारगळतं.

एक बोललंच पाहिजे. उदासी आली की आपल्याकडे कुणी बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेतं, कुणी आरशासमोर "मी आनंदी आहे" म्हणायला लावणाऱ्या महागड्या शिबिराला. पहिल्यात पैसे आणि वेळ जातो आणि कधीकधी मारहाणही होते. दुसऱ्याबद्दल २००९ मध्ये कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांनी प्रयोग केला, स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं घोकायला लावलं तर त्यांना आणखी वाईट वाटलं. आपलं मन असल्या वाक्यांशी भांडतं. स्वतः लिहिलेल्या ४ या आकड्याशी भांडणं त्याला जड जातं.

गट प्रत्येकासाठी नाही हेही तितकंच खरं. जीव द्यायचे विचार येत असतील, भास होत असतील, झोप न घेताही अंगात प्रचंड जोर संचारला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. चालू असलेल्या गोळ्या गटात जातोय म्हणून बंद करायच्या नाहीत. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. आणि गटात नाव घालण्याआधी चार गोष्टी विचारा: किती जण आहेत, किती आठवडे चालणार, घरी करायचं काम देतात का आणि पुढच्या वेळी ते बघतात का, आणि मधल्या आठवड्यात कुणाचं बिघडलं तर कोणत्या डॉक्टरकडे पाठवतात. शेवटच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही तर दुसरा गट शोधा.