बास गिटारचे बदली पिकअप आणि किलोओहमचा आकडा

इलेक्ट्रिक बासचा मूळ पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेत उतरवणारी चुंबक आणि वायरच्या वेटोळ्यांची डबी, काढून दुसरा बसवायचा म्हटले, की पहिला अडसर आवाजाच्या आधी आकाराचा येतो. बासच्या लाकडात कोरलेली खाच ज्या मापाची, त्याच मापाचा पिकअप तिच्यात बसतो, आणि ही मापे ठरली तेव्हा बदली पिकअप नावाची वस्तू कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. एका अमेरिकी कारखान्याच्या, 1951 मध्ये बाजारात आलेल्या प्रिसिजन बासला प्रत्येक तारेखाली एकच चुंबकदांडी असलेला साधा एकेरी पिकअप होता. 1957 मध्ये त्याचे दोन तुकडे झाले. जाड दोन तारांचा तुकडा मानेच्या बाजूला आणि बारीक दोन तारांचा ब्रिजच्या, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या पट्टीच्या, बाजूला सरकवलेला. दोन्ही तुकड्यांच्या वेटोळ्यांची दिशा आणि चुंबकांचे ध्रुव परस्परविरुद्ध असल्यामुळे वीजपुरवठ्यातून येणारी घरघर आपोआप रद्द होऊ लागली, आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही अंगांना एकेक दांडी आल्याने आघातही जरा मवाळ ऐकू येऊ लागला. 1960 मध्ये त्याच कारखान्याचा जॅझ बास आला तो दोन लांबट एकेरी पिकअप घेऊन. हे दोन्ही पूर्ण उघडले तर घरघर जाते, एकच चालू ठेवला तर ती परत येते. आज मिळणाऱ्या बदली पिकअपांचा फार मोठा हिस्सा याच दोन आराखड्यांच्या खाचांसाठी बनतो.

बाकीची घराणी थोडक्यात आटोपता येतात. दुसऱ्या एका अमेरिकी कारखान्याने 1953 पासून मानेच्या टोकाशी मोठा, बोजड पिकअप बसवलेले बास काढले. त्याच्या आवाजात खर्ज इतका आणि स्पष्टता इतकी कमी, की पुढे वादकांनी त्याला चिखलाशी नाते सांगणारे टोपणनाव दिले. तिसऱ्या एका कारखान्याने 1957 मध्ये घोड्याच्या नालेसारखी चुंबके तारांवरून वळवून आणली. अशा बासांच्या खाचा आपापल्या मापाच्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी बदली पिकअपची निवड आजही तोकडीच आहे.

बदली पिकअपचा धंदा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला तो बासवादकांसाठी नव्हे, गिटारवादकांसाठी. त्यांची मागणी सरळ होती : पिकअपने इतका जोर द्यावा, की व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आवाज लवकर फाटू लागेल. त्यासाठी वेटोळी वाढवण्यात आली आणि ॲल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांच्या जागी सिरॅमिक चुंबक आले. याच कार्यशाळांनी काही वर्षांत प्रिसिजन आणि जॅझच्या मापाचे पिकअपही काढले, आणि ते काढताना गिटारच्या बाजारातली भाषा जशीच्या तशी उचलली. बासवादकाला ॲम्प्लिफायरचा आवाज फाडायचा नसतो. त्याला सुमारे 41 हर्ट्झची खालची ई तार ढोलाच्या गलक्यातही नीट ऐकू यायला हवी असते. तरीही त्याच्यासमोर प्रश्न ठेवला गेला तो गिटारवाल्यांचाच : किती हॉट, म्हणजे किती जोरकस, हवा? या उसनवारीतूनच तो आकडा आला, ज्याच्यावरून बदली पिकअपची तुलना आजही केली जाते.

हा आकडा म्हणजे कॉइलचा, म्हणजे वेटोळ्यांच्या गुंडाळीचा, डीसी रोध (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला होणारा विरोध), किलोओहममध्ये मोजलेला. न ऐकता विकत घ्यायच्या वस्तूचे वर्णन करायचे कसे, हा विक्रेत्याचा प्रश्न होता आणि साध्या मल्टिमीटरने त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळत होते. तर्क असा, की वेटोळी जास्त म्हणजे वायर जास्त, वायर जास्त म्हणजे रोध जास्त, आणि वेटोळी जास्त म्हणजे व्होल्टेजही जास्त. सबब रोध मोजला की पिकअपचा जोर कळला. हा तर्क एका अटीवर खरा ठरतो. वायरची जाडी, कॉइलचा आकार, चुंबक आणि जोडणी यांपैकी काहीही बदललेले नसावे. बदली पिकअपच्या बाजारात मात्र नेमके हेच सगळे बदललेले असते, कारण ते बदलण्यासाठीच गिऱ्हाईक आलेले असते.

प्रथम वायरच घ्या. जुन्या बास पिकअपांत 42 गेजची तांब्याची वायर वापरली जाई. तिची जाडी सुमारे 0.063 मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसासारखीच. कारागिराने तितकीच वेटोळी 43 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.056 मिलिमीटरच्या वायरने घातली, तर मीटरवरचा आकडा जवळपास पाव हिश्श्याने चढतो. व्होल्टेज वेटोळ्यांच्या संख्येवर अवलंबून असते आणि ती संख्या बदललेली नसते, त्यामुळे पिकअप तितकाच जोर देतो. कागदावर मात्र तो हॉट झालेला असतो. तापमानाचेही तसेच. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो, त्यामुळे 20 अंशांना 10 किलोओहम दाखवणारा पिकअप 30 अंशांना सुमारे 10.4 दाखवतो. दोन पिकअपांतल्या अशाच चार-पाच दशांशांच्या फरकावर पानेच्या पाने वाद घातले जातात.

जोडणीने तर हा आकडा पुरता दिशाभूल करणारा ठरतो. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांची जोडणी एकसर असते, म्हणून दोघांचा रोध मिळून साधारण 10 ते 11 किलोओहम भरतो. जॅझचा एकेक पिकअप 7 ते 8 किलोओहमचा असतो, पण दोन्ही पूर्ण उघडले की ते समांतर जोडले जातात आणि मीटर 4 च्या खाली उतरतो. आकडाच प्रमाण मानायचा तर दोन्ही पिकअप उघडलेला जॅझ बास प्रिसिजनच्या जेमतेम एकतृतीयांश जोराने वाजायला हवा. तसा तो वाजत नाही, हे कोणत्याही वादकाला ठाऊक आहे. तरीसुद्धा 7.5 चा पिकअप दुबळा आणि 11 चा दणकट, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे, की वेगवेगळ्या आराखड्यांचे पिकअप एकाच तक्त्यात एकाखाली एक मांडून विकले जातात.

सगळ्या अटी पाळूनही आकड्यामागचा फरक किती मोठा असतो, तेही पाहायला हवे. त्याच वायरची वेटोळी दहा टक्क्यांनी वाढवली, तर व्होल्टेज साधारण दहा टक्क्यांनीच वाढते, म्हणजे एका डेसिबलपेक्षाही कमी. पिकअपच्या बाजूचे स्क्रू पिळून तो तारांच्या थोडा जवळ आणला तरी याहून अधिक जोर मिळू शकतो. इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध, मात्र वेटोळ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे 21 टक्के. कॉइलचा इंडक्टन्स आणि वेटोळ्यांची व केबलची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळून एक अनुनाद, म्हणजे ठराविक वारंवारतेला उठाव देणारे शिखर, तयार होतो. नेहमीच्या पाच-सहा मीटर केबलसह तो पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणाऱ्या, बासमध्ये सर्वसाधारणपणे 2 ते 4 हजार हर्ट्झच्या आसपास पडतो. इंडक्टन्स वाढला की हे शिखर खाली सरकते आणि त्याच्या वरचा सगळा प्रदेश मावळतो. बोटाच्या आघाताची टोकदार कड, स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तार ठोकण्याचा, चटका, नव्या तारांची झळाळी हे सारे याच प्रदेशात असते. म्हणजे हॉट म्हणून घेतलेला पिकअप प्रत्यक्षात जराशा जास्त जोराच्या बदल्यात बराचसा वरचा आवाज गिळून बसतो. ज्याला मधल्या पट्टीतला घोगरा, दाट आवाज हवा आहे त्याच्यासाठी तो सौदा फायद्याचाच असतो, पण तसे सांगून तो क्वचितच विकला जातो. किलोओहमचा एक प्रामाणिक उपयोग आहे : कॉइल तुटली आहे का आणि जोडीतले दोन पिकअप एकमेकांशी जुळणारे आहेत का, एवढे मीटर खात्रीने सांगतो.

चुंबकांच्या बाबतीतला बदल मात्र नुसत्या आवडीनिवडीतून झालेला नाही. ॲल्निकोत ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असतो. 1978 मध्ये तेव्हाच्या झाईरमधल्या, कोबाल्टच्या खाणी असलेल्या शाबा प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव भडकले. लाउडस्पीकरच्या उद्योगाने त्यानंतर झपाट्याने फेराइट, म्हणजेच सिरॅमिक चुंबकांकडे मोर्चा वळवला. पिकअपमध्ये सिरॅमिक त्याआधीच शिरले होते, पण स्वस्त आणि बेभरवशाच्या मालाशी त्याचे नाव जोडले गेले ते साधारण याच काळात, आणि तो कलंक अजून पुरता धुतला गेलेला नाही.

सत्तरच्या दशकातला आणखी एक निर्णय बदली पिकअप घेणाऱ्याला आजही गाठतो. जॅझ बासच्या ब्रिजजवळच्या पिकअपची जागा त्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक सेंटिमीटरने ब्रिजकडे सरकवण्यात आली. तारेच्या टोकाजवळ कंप लहान असतो आणि वरचे स्वरांश मूळ स्वराच्या मानाने ठळक असतात, म्हणून या नव्या जागेवरून आवाज अधिक कोरडा, टणत्कारी येतो. साठच्या दशकाचा आवाज देणारा म्हणून विकलेला पिकअप सत्तरच्या जागेवरच्या खाचेत बसवला, तर जागेचा गुण तसाच राहतो, कॉइल कोणत्याही दशकाची असो. याच बासच्या मानेकडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड असतो. पण काही आवृत्त्यांत दोन्ही सारख्याच लांबीचे बसवले गेले, त्यामुळे जोडी मागवण्यापूर्वी पट्टी लावून मोजणे भाग पडते.

1976 मध्ये स्टिंगरे बास आला आणि चर्चेचा रोखच बदलला. त्यात जाड चुंबकदांड्यांचा एकच दुहेरी कॉइलचा पिकअप होता, कॉइल समांतर जोडलेल्या होत्या आणि बासच्या पोटात 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रिअँप, म्हणजे संकेत आधीच वाढवणारे छोटे सर्किट, होता. प्रिअँप केबलच्या आधी आल्याने केबलची कपॅसिटन्स पिकअपच्या अनुनादाला खाली ओढेनाशी झाली आणि वरचा आवाज शाबूत राहिला. त्याच दशकाच्या अखेरीपासून दुसऱ्या एका कार्यशाळेने पुढचे पाऊल टाकले : कॉइल कमी वेटोळ्यांची ठेवून प्रिअँप थेट पिकअपच्या डबीत बंद केला. या दोन रचना सर्रास ॲक्टिव्ह या एकाच नावाने ओळखल्या जातात आणि त्यातून बदली पिकअप घेणाऱ्याचा गोंधळ उडतो. पहिल्या रचनेत पिकअप स्वतः पॅसिव्हच असतो आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही पॅसिव्ह पिकअप बसवता येतो. दुसऱ्या रचनेतला पिकअप साध्या बासमध्ये घालायचा, तर बॅटरीसाठी जागा करावी लागते आणि 250 किलोओहमचे पॉट, म्हणजे कळीमागचे कमीजास्त होणारे रोध, काढून साधारण 25 किलोओहमचे बसवावे लागतात. जुने पॉट तसेच ठेवले तर व्हॉल्यूमची कळ दिव्याच्या बटणासारखी वागते, शेवटच्या थोड्याशा फेऱ्यात सगळा बदल उरकून टाकते. अशा पिकअपला मीटर लावून मिळणाऱ्या आकड्याचा कॉइलशी काहीच संबंध नसतो, कारण मीटरला दिसतो तो प्रिअँप. किलोओहमची परंपरा खरे तर इथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही, उलट ऐंशीच्या दशकानंतर तिला नवे खाद्य मिळाले. प्रिसिजनचा तुकडी पिकअप आणि ब्रिजजवळ जॅझचा एकेरी पिकअप अशी जोडी लोकप्रिय झाली. या जोडीत प्रिसिजनचा भाग भारी पडतो आणि जॅझचा मिसळला की घरघर परत येते, कारण पहिला स्वतःची घरघर स्वतः रद्द करतो आणि दुसऱ्याला जोडीदार उरत नाही. जोर जुळवण्यासाठी ब्रिजच्या पिकअपला जास्त वेटोळी द्यायची, की घरघरीसाठी एकावर एक किंवा एकापुढे एक अशा दोन कॉइल एकेरी पिकअपच्याच आवरणात कोंबायच्या, असे दोन मार्ग निघाले. दुसरा मार्ग रंगमंचावरच्या दिव्यांखाली उभे राहणाऱ्यासाठी निर्विवाद बरा आहे. त्याने एकेरी कॉइलची धार बोथट होते, हा आक्षेप एकावर एक रचलेल्या कॉइलच्या बाबतीत बराचसा खरा आणि एकापुढे एक ठेवलेल्यांच्या बाबतीत बराचसा ऐकीव आहे.

सुमारे 31 हर्ट्झची खालची बी तार घेऊन पाच तारांचे बास रूढ झाले, तेव्हा तारांमधले अंतर प्रत्येक कारखान्यागणिक वेगळे असल्याने तारेखाली नेमकी दांडी आणणे अवघड होऊन बसले. त्यावर उपाय म्हणून दांड्यांऐवजी सलग पट्टी घातलेले, साबणाच्या वडीसारख्या बंद आवरणातले पिकअप आले. त्यांची काही मापे इतकी रुळली, की नव्वदच्या दशकापासून अनेक कारखाने आपल्या खाचा त्याच मापाने कोरू लागले. बदली पिकअपने बासचा आकार ठरवावा, अशी उलटी गंगा इथे प्रथमच वाहिली. आवरण सारखे असले तरी आत एकेरी, दुहेरी किंवा चार कॉइलची, कोणतीही रचना असू शकते आणि बाहेरून ती ओळखता येत नाही.

गेल्या दोन-अडीच दशकांत हाताने वेटोळी घालणारे छोटे कारागीर वाढले आणि साठच्या दशकातल्या पिकअपांच्या हुबेहूब प्रतिकृतींना मागणी आली. जुन्या पद्धतीच्या इन्सुलेशनची वायर आणि ॲल्निको 5 च्या दांड्या हे त्यांचे भांडवल. गंमत अशी, की जुने पिकअप हाताने वायर सोडत यंत्रांवर गुंडाळले जात आणि त्यांच्या वेटोळ्यांची संख्या एकाच वर्षातही कमीजास्त होई, त्यामुळे हुबेहूब म्हणजे नेमक्या कोणत्या नगासारखा, हे प्रतिकृतीच्या खोक्यावर लिहिलेले नसते. काही निर्माते आता इंडक्टन्स आणि अनुनादाची वारंवारताही छापतात. ही वारंवारता केबलशिवाय मोजली आहे की केबलच्या भारासह, हे तपासल्याखेरीज दोन निर्मात्यांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, कारण केबल जोडताच तोच पिकअप कित्येक हजार हर्ट्झ खाली उतरू शकतो.