सगळ्यांची मिळून एक तक्रार: ग्राहक आयोगात सामूहिक भरपाई कशी मागायची

आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात शनिवारी संध्याकाळी जे लोक येतात, त्यांतल्या कोणाचा तरी हा प्रश्न असतोच: "अमेरिकेत भाच्याला फेसबुकचे पैसे आले. नुसता ऑनलाइन फॉर्म भरला होता म्हणे. आपल्याकडे तो फॉर्म कुठे मिळतो?"

भाच्याची गोष्ट खरी असू शकते. वापरकर्त्यांच्या खासगी माहितीच्या प्रकरणात फेसबुकच्या कंपनीने अमेरिकेत ७२.५ कोटी डॉलरची तडजोड केली. २४ मे २००७ ते २२ डिसेंबर २०२२ या काळात ज्यांचं फेसबुक खातं होतं, अशा अमेरिकेतल्या लोकांना २५ ऑगस्ट २०२३ पर्यंत दावा करता येत होता. तिथे 'मला यात धरू नका' असं कळवलं नाही, तर अशा गटात माणूस आपोआप धरला जातो. पैसा आधी ठरतो आणि मग वाटण्यासाठी फॉर्म निघतो. तो निधी तिथल्या वापरकर्त्यांपुरता होता. पुण्यात किंवा पणजीत बसून त्यातलं काही मिळणार नव्हतं.

आपल्याकडे असा तयार निधी नसतो. आपल्याकडे आधी कोणीतरी पुढे होऊन सर्वांच्या वतीने तक्रार उभी करावी लागते. त्याची सोय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५(१)(सी) मध्ये आहे. वकील मंडळी तिला प्रातिनिधिक तक्रार म्हणतात. एकाच कंपनीने, बिल्डरने किंवा क्लासने शंभर जणांना एकाच पद्धतीने फसवलं असेल, तर त्यांतला एक किंवा काही जण ग्राहक आयोगाच्या, म्हणजे ग्राहक न्यायालयाच्या, परवानगीने शंभरही जणांसाठी दाद मागू शकतात. सोय चांगली आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या बऱ्याच तक्रारी दारातच अडखळतात, आणि अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं.

'आमचं सगळ्यांचं एकच दुखणं आहे' हे दाखवावं लागतं

कायद्याचे शब्द आहेत 'समान हितसंबंध'. सगळे एकाच इमारतीत राहतात म्हणून हित समान ठरत नाही. तक्रारीचं कारण आणि मागितलेला दिलासा, दोन्ही सर्वांना सारखे लागू पडले पाहिजेत.

बंगळुरूच्या ब्रिगेड एंटरप्रायझेस कंपनीच्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ११३४ सदनिकांचा प्रकल्प होता आणि त्यांतल्या ५१ सदनिका घेणाऱ्या ९१ जणांनी ताबा उशिरा मिळाला म्हणून सर्व खरेदीदारांच्या वतीने तक्रार केली होती. न्यायालयाने ती प्रातिनिधिक म्हणून मान्य केली नाही. बाकीच्या शेकडो खरेदीदारांचं हित यांच्यासारखंच कसं, हे तक्रारीत नीट मांडलेलंच नव्हतं. मात्र तक्रार फेकूनही दिली नाही. या ९१ जणांची मिळून केलेली संयुक्त तक्रार म्हणून ती चालवायला मुभा दिली.

यातून दोन वाटा स्पष्ट होतात. संयुक्त तक्रारीत जे सह्या करतात तेच तक्रारदार असतात आणि आदेशाचा फायदा त्यांनाच मिळतो. प्रातिनिधिक तक्रारीत सही न केलेलेही धरले जातात आणि निकाल त्यांच्यावरही बंधनकारक असतो. पाचपंचवीस जण असाल, सगळे ओळखीचे असाल आणि प्रत्येकाची तारीख, रक्कम वेगळी असेल, तर संयुक्त तक्रारच करा असं माझं स्पष्ट मत आहे. प्रातिनिधिक तक्रार शोभते ती, जिथे बाधित लोक खूप आहेत, विखुरलेले आहेत आणि अन्याय हुबेहूब सारखा आहे तिथे.

मागच्या वर्षी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडतीस कुटुंबांची सभा होती. चिटणीस बाईंनी शाळेची लांब वही आणली होती. त्या वहीत मी तीनच रकाने आखायला लावले: काय कबूल केलं होतं, काय मिळालं नाही, काय मागायचं आहे. वही फिरून परत आली तेव्हा चित्र समोर होतं. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नाही आणि अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणं) झालेलं नाही, हे अडतीसही ओळींत. पहिल्या मजल्यावरची गळती तीन ओळींत. वाढीव पार्किंगचे पैसे सात ओळींत. पहिल्या दोन गोष्टी सर्वांच्या तक्रारीत गेल्या. गळतीवाल्या तिघांना आणि पार्किंगवाल्या सात जणांना वेगळ्या तक्रारी करायला सांगितलं. गळतीवाल्या काकू तेव्हा नाराज झाल्या. मी त्यांना समजावलं की तुमची गळती या तक्रारीत घातली, तर तुमचंही अडेल आणि बाकीच्यांचंही.

वकिलाकडे जाण्यापूर्वी असे तीन रकाने प्रत्येक गटाने भरावेत.

कोण पात्र आहे

पैसे देऊन किंवा देण्याचं कबूल करून वस्तू अथवा सेवा घेतलेला माणूस ग्राहक ठरतो. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली रिक्षा, शिलाई मशीन, छोटं यंत्र बसतं. फुकट मिळालेल्या सेवेबद्दल तक्रार करता येत नाही. नोंदणीकृत ग्राहक संघटनाही तक्रार करू शकते.

मुदत कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. उशिराचं सबळ कारण लेखी दिलं तर आयोग ती माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. "कोणीतरी सगळ्यांसाठी केस करतंय" एवढ्या ऐकीव माहितीवर स्वतःची दोन वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

कोणत्या आयोगात, किती फी

मोजणी वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या रकमेवर होते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. प्रातिनिधिक तक्रारीत मात्र सर्वांची मिळून रक्कम धरायची, असं राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २०१६ साली अंबरीश कुमार शुक्ला प्रकरणात म्हटलं. प्रत्येकी ४० लाखांची तीस घरं म्हणजे १२ कोटी, म्हणजे थेट राष्ट्रीय आयोग. वही फिरवताना हा हिशेबही मांडा. कधी कधी वेगवेगळ्या तक्रारी जिल्ह्यातच करणं सोपं आणि जवळचं पडतं.

तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुडगावला असलं तरी. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत.

फी नाममात्र आहे. ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १००० आणि १ कोटीपर्यंत २०००. १० कोटींच्या वर कितीही असलं तरी ७५००. खरा खर्च नंतर येतो तो जाहीर नोटिशीचा, आणि तो तक्रारदारांनाच करावा लागतो. त्यासाठी आधीच वर्गणी काढा आणि प्रत्येकाला पावती द्या.

कागदपत्रं

तक्रार अर्ज, त्यासोबत घटनांचा तारीखवार तक्ता, प्रतिज्ञापत्र, आणि कलम ३५(१)(सी) खाली परवानगी मागणारा स्वतंत्र अर्ज. या परवानगीच्या अर्जाला वकीलही कधी कधी चार ओळींत उरकतात, आणि तिथेच घात होतो. एकूण बाधित ग्राहक अंदाजे किती, ते कोण, त्यांचं हित समान का, मागणी सर्वांना सारखी कशी लागू पडते आणि त्यांना नोटीस कशी पोहोचवता येईल, हे सगळं त्यात सविस्तर लिहा. परवानगी मिळाली नाही तर हीच तक्रार संयुक्त म्हणून चालवावी, अशी पर्यायी विनंतीही त्यातच करा.

पुराव्यात करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा, जाहिरात किंवा माहितीपत्रक, कंपनीशी झालेला ईमेल आणि व्हॉट्सॲप व्यवहार, पाठवलेली नोटीस आणि तिची पोच. ओळखपत्राची प्रत. परदेशात असाल तर इथल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र.

पावत्यांबद्दल एक सांगतो. दुकानातून मिळणारी गुळगुळीत कागदाची पावती उष्णतेने उमटलेली असते. एका गृहस्थांनी वॉशिंग मशीनची पावती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जिवापाड जपली होती. माझ्यासमोर उघडली तर कागद कोरा पांढरा, फक्त दुकानाच्या शिक्क्याची निळी कड उरलेली. घेतल्या दिवशीच अशा पावतीची झेरॉक्स काढा आणि फोटोही.

दाखल केल्यानंतर काय होतं

१ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल सुरू आहे. आधीच्या ई-दाखिलची जागा त्याने घेतली आहे. मोबाइल आणि ईमेलने नोंदणी करायची, कागदपत्रं चढवायची, फी भरायची. व्हिडिओवरून सुनावणीची सोयही आहे, त्यामुळे दुबई किंवा न्यू जर्सीत असलेल्यांनाही भाग घेता येतो. जिल्हा आयोगात मराठीत तक्रार चालते. वकील लावणं बंधनकारक नाही, पण प्रातिनिधिक तक्रारीला लावाच.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरावं असं कायदा सांगतो. परवानगी मिळाली की दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १, नियम ८, म्हणजे अनेकांच्या वतीने काहींनी दाद मागण्याचा नियम, लागू होतो. सर्व संबंधितांना नोटीस द्यायची आणि लोक फार असतील तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापायची. बाहेर राहिलेल्या ग्राहकाने जागं व्हायचं ते इथे. नोटिशीतला प्रकरण क्रमांक टिपा, त्या आयोगात पक्षकार करून घेण्याचा अर्ज द्या आणि सोबत स्वतःच्या पावत्या जोडा. समोरच्या पक्षाला लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीचं उत्तर, द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसावा दिवस उलटला की आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे.

आता तडजोडीचं बोलू. बिल्डर बहुधा पुढाकार घेणाऱ्या दोघाचौघांना गाठतो, "तुमचं वेगळं बघतो" म्हणतो आणि गट फोडतो. याच नियम ८ मध्ये त्यावर चांगला बंदोबस्त आहे. प्रातिनिधिक तक्रार मागे घ्यायची, तिचा काही भाग सोडायचा किंवा तडजोड नोंदवायची, तर आधी सर्व संबंधितांना नोटीस द्यावीच लागते. पुढारी कामात ढिलाई करत असतील, तर त्यांच्या जागी दुसऱ्या तक्रारदाराला आणता येतं. आणि ज्या प्रकरणात आयोगासमोर नसलेल्या अनेकांचं हित गुंतलं आहे, ते मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. नोटीस हाती आली आणि तडजोडीची रक्कम तुम्हाला तुटपुंजी वाटली, तर आयोगात लेखी हरकत घ्या. सोसायटीच्या ग्रुपवर चार संतापाचे मेसेज टाकून काही होत नाही.

आदेश झाला, पैसे कधी

जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतं. मात्र ज्याला पैसे द्यायचे आहेत, त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्या ग्राहकांची नावं सहज शोधता येत नाहीत, अशा मोठ्या संख्येचं नुकसान झालं असेल, तर विकलेल्या सदोष मालाच्या किंवा सेवेच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरायचा आदेश आयोग देऊ शकतो.

कंपनीने पैसे दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी (अंतिम निकालपत्रासारखी) जप्ती-वसुली होते. कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, अथवा दोन्ही. ज्यांच्याकडे जुने आदेश धूळ खात पडलेत त्यांच्यासाठीही खबर आहे. पुण्याच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १५ मार्च २००३ ते २० जुलै २०२० या काळातल्या अंतिम आदेशांचीही हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी करून घेता येते. जुनी फाइल काढून वकिलाला दाखवा.

स्वतः केस न करता

फसवी जाहिरात किंवा अनेकांना बाधणारी अनुचित प्रथा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते. '५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये' या जाहिरातीबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये या प्राधिकरणाने रॅपिडो या रिक्षा-बाइक बोलावण्याच्या ॲपला १० लाखांचा दंड केला आणि ज्यांना ते ५० रुपये मिळाले नाहीत, त्यांना ते द्यायला सांगितलं. एकट्याने ५० रुपयांसाठी आयोगात कोणी गेलं नसतं.

पहिली पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. 'तुमची नुकसानभरपाई मंजूर झाली आहे, प्रोसेसिंग फी भरा' असा संदेश आला, तर ती लिंक उघडू नका. खरा आदेश झाला असेल तर त्याला प्रकरण क्रमांक असतो, आणि तो क्रमांक टाकून ई-जागृतीवर प्रकरण स्वतः तपासता येतं.