पश्चिमेची भिंत आणि न्हाणीघरातले पाणी

उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमाराला पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून पाहावा. ती भर दुपारी होती त्याहून अधिक गरम लागते. विटांच्या नऊ इंची भिंतीत बाहेरून शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला साधारणपणे 6 ते 8 तास घेते, त्यामुळे दुपारी चारचे ऊन आपल्याला झोपायच्या वेळी भेटते. जाड भिंतींचे घर गार असते ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. भिंतीवर सावली असेल आणि रात्रीची गार हवा घरात खेळवून भिंतीत साठलेली उष्णता काढून घेता येत असेल, तरच तो जाडपणा कामाला येतो. त्यासाठी खाली खिडकी आणि वर, शक्यतो जिन्याच्या माथ्याशी, झरोका हवा. गरम हवा हलकी असल्याने वरून निघून जाते आणि तिची जागा खालून येणारी गार हवा घेते.

सावली कशी करायची हे दिशेवर ठरते. उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असल्यामुळे खिडकीवरचा आडवा छज्जा त्याला सहज अडवतो. मावळतीचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून सरळ आत शिरते. तेथे उभी जाळी, बाहेरून सोडलेला बांबूचा पडदा किंवा झाडच लागते. आतल्या पडद्यावर फारशी भिस्त ठेवू नये, कारण तोवर ऊन काच ओलांडून आलेले असते आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो.

या तिन्हींत मला झाड सरस वाटते, आणि त्याला लागणारे पाणी घरातच असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेच पाणी एका अंशाने तापवायला जेमतेम 4.2 किलोज्यूल पुरतात. आंघोळीचे 100 लिटर पाणी झाडांच्या पानांवाटे उडून गेले, तर दीड टनी वातानुकूलन यंत्र पूर्ण क्षमतेने 12 तास चालून जितकी उष्णता उपसेल, जवळजवळ तितकीच त्यात खर्ची पडते. अर्थात ही सगळी उष्णता घरातून जात नाही. बरीचशी पानांवर पडणाऱ्या उन्हातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. शिवाय दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, तेव्हा मुख्य लाभ सावलीचाच उरतो.

आंघोळीचे पाणी साठवून ठेवू नये. दिवसभरात त्यातले जिवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि पाण्याला सडका वास येऊ लागतो. म्हणून ते केस व गाळ अडवणाऱ्या जाळीतून थेट, पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली, मुळांपाशी सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना ते देऊ नये. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियम बरेच असते आणि ते चिकण जमिनीची छिद्रे बुजवते, तेव्हा ते पाणी अधूनमधूनच वापरावे आणि पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन निघू द्यावी. स्वयंपाकघरातल्या पाण्यात तेलाचा तवंग असतो. तेल अडवणारा सापळा नळीत बसवल्याशिवाय ते या वाटेला आणूच नये.

हे सारे जमते ते न्हाणीघराची आणि शौचालयाची नळवाहिनी पहिल्यापासून वेगळी असेल तर. आराखड्यावर ती एक जादा रेघ असते. फरशी बसल्यावर मात्र तिच्यासाठी सगळे न्हाणीघर उकरावे लागते.